मानवतचा मुंजा आणि प्रमाणाची कसोटी

परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर 'मानवत रोड' नावाचे स्थानक लागते. गाव तेथून काही अंतरावर आहे. कापसाची बाजारपेठ ही या गावाची जुनी ओळख. दिवाळीनंतर कापसाने शिगोशीग भरलेल्या गाड्यांची रांग, जिनिंगची घरघर, आडत दुकानांतील भावाची चर्चा, असे हे मराठवाड्यातील चार व्यापारी गावांसारखे एक गाव. परंतु गेली पन्नास वर्षे उर्वरित महाराष्ट्राला मानवत ठाऊक आहे ते कापसामुळे नव्हे. या गावाच्या नावापुढे 'हत्याकांड' हा शब्द असा चिकटला आहे की, तो वगळून गावाचे नाव उच्चारणेच लोकांना अवघड जाते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये 'मानवत मर्डर्स' ही आठ भागांची मालिका सोनी लिव्हवर आली आणि ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता अशा पिढीच्या तोंडी ते नाव पुन्हा आले.

घटना थोडक्यात अशी. १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या सुमारे चौदा महिन्यांत मानवत आणि परिसरात दहा खून झाले. मृतांत दहा वर्षांच्या आगेमागे वय असलेल्या पाच मुली होत्या, चार स्त्रिया होत्या आणि एक तान्हे मूल होते. मुंबईहून रमाकांत कुलकर्णी या पोलीस अधिकाऱ्याला तपासासाठी पाठविण्यात आले. १९६८ साली मुंबईत रामन राघवला पकडणाऱ्या तपासामुळे त्यांचे नाव आधीच झालेले होते. अठरा जणांवर खटला उभा राहिला. अभियोगपक्षाचे म्हणणे असे की, गावातील एक धनिक पुढारी आणि त्याच्याशी संबंध असलेली एक स्त्री यांना अपत्यप्राप्ती आणि गुप्तधन हवे होते. वाड्यातील पिंपळावर मुंजा आहे, तो कुमारिकांचे रक्त मागतो आणि ते मिळाल्यावर दोन्ही गोष्टी साध्य होतील, असे एका मांत्रिकाने सांगितले आणि त्यातून ही मालिका घडली.

हे सारे घडले तो काळ ध्यानात घ्यावा. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या स्मरणात कायमचा कोरला गेला आहे. विहिरी तळाला गेल्या होत्या, खडी फोडण्याच्या कामावर बायाबापड्यांची रीघ होती, घरातील मोठी माणसे मजुरीला गेली की लहान मुली सरपणाला, पाण्याला एकट्याने हिंडत होत्या. आणि त्याच वर्षी, १८ मे १९७२ रोजी, याच जिल्ह्याच्या ठिकाणी मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. एका जिल्ह्यात, एका वर्षात विज्ञानाचे एक दार उघडले आणि काही कोसांवर बळी जाऊ लागले. या योगायोगाकडे बोट दाखवून 'विज्ञान अजून खेड्यात पोहोचले नव्हते' असे म्हणण्याचा मोह होतो. ते खरे नाही, आणि प्रश्नाचे मूळ तेथेच आहे.

विज्ञान पोहोचले होते. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून 'एच-४' हे कापसाचे जगातील पहिले व्यापारी संकरित वाण बाहेर पडले आणि संकरित बियाणे हा शब्द पुढच्या काही वर्षांत कापूसपट्ट्यातील शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यात आला. पुढे याच विद्यापीठाच्या नांदेड केंद्राने दिलेले 'नांदेड-४४' तर घरोघरी गेले. नवे बियाणे आले की मराठवाड्यातील शेतकरी काय करतो? तो भाषण ऐकतो, मान डोलावतो आणि घरी येऊन सगळ्या रानात ते पेरत नाही. एका पट्ट्यात नवे, शेजारच्या पट्ट्यात जुने. पाऊस दोन्हींवर सारखाच, जमीन एक, बैल एक, कुळवाच्या पाळ्या तेवढ्याच. मग वेचणीला बोंडे मोजायची. प्रयोगशाळेतील संशोधक याहून निराळे काही करीत नसतो. त्याची नोंदवही अधिक नेटकी असते, इतकेच. आणि बियाणे फसले तर हाच शेतकरी पारावर बसून चारचौघांत विक्रेत्याचा उद्धार करतो. त्याला त्यात संकोच नसतो, भयही नसते.

तोच शेतकरी, तोच अडत्या, तोच सुशिक्षित पुढारी मांत्रिकासमोर बसला की मात्र पट्टा पाडीत नाही. बोंडे मोजीत नाही.

असे का व्हावे, या प्रश्नाला 'अडाणीपणा' हे उत्तर फार स्वस्त आहे. मांत्रिकाच्या विद्येची घडणच अशी असते की, तिच्यात अपयशाला प्रवेशच नसतो. गुण आला तर मंत्राचा प्रभाव. गुण आला नाही तर दिवस चुकला, विधीत खोट राहिली, घरात कोणाचा विटाळ झाला, देवता तृप्त झाली नाही. अभियोगपक्षाची मांडणी ग्राह्य धरली तर मानवतची साखळी नेमकी याच तर्काने पुढे सरकलेली दिसते. पहिल्या बळीनंतर हंडा सापडला नाही, तेव्हा 'हे सारे थोतांड आहे' असा निष्कर्ष निघायला हवा होता. निघाला तो असा की, एक पुरेसा नाही. अपयशाने समज ढासळली नाही. उलट अपयश हेच पुढच्या कृत्याचे कारण झाले. कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने १९३४ मध्ये सांगितले की, जे विधान कोणत्याही परिस्थितीत खोटे ठरूच शकत नाही, ते विज्ञानाच्या कक्षेत येत नाही. मानवतमध्ये अशा एका विधानाची किंमत लहान मुलींनी मोजली.

यासाठी पॉपरपर्यंत जाण्याची गरजही नाही. 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ' हे प्रत्येक मराठी घरात ठाऊक असते. संस्कृत पंडित त्यालाच काकतालीय न्याय म्हणत. दोन गोष्टी लागोपाठ घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे शहाणपण आपल्या भाषेत म्हणीच्या रूपाने रुजलेले आहे. न्यायदर्शनाने त्याला शास्त्राचे रूप दिले. धूर दिसला की अग्नीचे अनुमान करता येते, कारण धूर आणि अग्नी यांची व्याप्ती अव्यभिचारी आहे. जेथे अग्नी नाही तेथे धूर कधी आढळत नाही. केवळ 'हे असताना ते होते' इतके पुरत नाही, 'हे नसताना तेही नव्हते' हे दाखवावे लागते. अन्वय आणि व्यतिरेक, दोन्ही. शेतकऱ्याचा जुन्या बियाण्याचा पट्टा हाच तो व्यतिरेक. चार्वाकांनी तर याही पुढे जाऊन विचारले की, जी व्याप्ती तुम्ही सर्वकाळ सत्य मानता, ती सर्वकाळ पाहिली कोणी? त्यांच्या जडवादाशी भारतीय परंपरेने फारकत घेतली हे खरे, पण त्यांच्या शंकेला उत्तर देणे आवश्यक मानले, आणि त्या उत्तरांतून आपले प्रमाणशास्त्र शतकानुशतके घासूनपुसून निघाले. ज्या परंपरेपाशी हे हत्यार होते, तिच्याच अंगणात मुंजाच्या नावाने कुमारिकांचे बळी गेल्याचा आरोप व्हावा, ही लाज बाहेरच्या कोणी दाखवून देण्याची वाट पाहू नये.

हत्यार असूनही ते का उचलले जात नाही? येथे प्रश्न तर्कशास्त्राचा न राहता मनाचा होतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर याने १९४८ मध्ये कबुतरांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. भुकेल्या कबुतरांना ठरावीक अंतराने आपोआप दाणे मिळत. त्यांच्या हालचालींचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तरी दाणा पडताना जे कबूतर गिरकी घेत होते ते पुन:पुन्हा गिरक्या घेऊ लागले, दुसरे मान झुलवू लागले. पुढच्या संशोधकांनी या प्रयोगाचा निराळा अर्थही लावला. पण भूक आणि अनिश्चितता एकत्र आली की जीव संबंध नसलेल्या गोष्टींची गाठ मारू पाहतो, हे पाहण्यासाठी १९७२ च्या मराठवाड्यात कबुतरांची आवश्यकता नव्हती.

पतंजलींनी चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्या: प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा आणि स्मृती. योगाच्या वर्गांत आसनांवर जितका वेळ जातो त्याच्या दशांशही या पाच शब्दांवर जात नाही. विपर्यय म्हणजे चुकीचे ज्ञान. दोरीला साप समजणे. विकल्प याहून वेगळा आहे. जेथे वस्तूच नाही, केवळ शब्द आहे, आणि त्या शब्दाच्या बळावर मन व्यवहार करू लागते, तो विकल्प. दोन्हींतील अंतर फार महत्त्वाचे आहे. दोरीवरचा साप दिवा आणला की नाहीसा होतो, कारण दोरी तेथे असते, ती दिसते. विकल्पाच्या मुळाशी काहीच नसते. 'मुंजा रक्त मागतो' या वाक्यावर कितीही प्रकाश पाडला तरी दाखवायला तेथे दोरीसुद्धा नाही. म्हणून केवळ माहिती पुरवून अंधश्रद्धा जाईल, ही अपेक्षा वारंवार फसते. माहिती विपर्यय दूर करते. विकल्पाला धरून ठेवणारे भय आणि लोभ शिल्लक राहतात.

आणि लज्जाही. या प्रकरणातील एक बाजू फारशी बोलली जात नाही. खटल्यातील मांडणीनुसार त्या स्त्रीची मूळ अडचण मासिक पाळीची आणि अपत्यहीनतेची होती. म्हणजे प्रश्न स्त्रीरोगतज्ज्ञाचा होता. भारतात १९५४ पासून असा कायदा आहे की, स्त्रियांच्या पाळीच्या तक्रारींवर वा वंध्यत्वावर औषध किंवा गंडेदोरे, ताईत, मंत्र यांच्या जाहिराती करणे हा गुन्हा आहे. कायदेकर्त्यांना ठाऊक होते की, जी व्यथा बोलता येत नाही तिच्याच आडोशाला भोंदू बसलेला असतो. पण तोंडातोंडी होणाऱ्या जाहिरातीला कोणता कायदा आवरणार? ज्या घरात सुनेची पाळी हा शब्द उच्चारणे निषिद्ध, त्या घरातून डॉक्टरकडे जाणारा रस्ता लांबचा आणि मांत्रिकाकडे जाणारी पाऊलवाट जवळची असते. तो रोगाचे नाव विचारीत नाही. 'बाहेरचे आहे' म्हणतो आणि सर्वांची सुटका करतो.

या सगळ्यावर 'हाच तुमचा धर्म' असे म्हणणारेही असतात. त्यांनी परभणी जिल्ह्याचाच नकाशा पाहावा. मानवतच्या दक्षिणेला गोदाकाठी जनाबाईंचे गंगाखेड आहे. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात नामदेवांचे नरसी. वारकरी संतांनी नवससायास, शेंदऱ्या दैवतांची भीती आणि जीवहत्या यांवर जो प्रहार केला तो याच भूमीत, याच लोकांच्या बोलीत. गाडगेबाबांनी नवसाच्या कोंबड्या-बकऱ्यांविरुद्ध आयुष्यभर कीर्तने केली. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत विज्ञाननिष्ठ निबंध लिहिताना एका बाजूला 'श्रुतिस्मृतिपुराणोक्त' आणि दुसऱ्या बाजूला 'अप-टु-डेट' असे दोन शब्द ठेवून दोन संस्कृतींतील भेद मांडला आणि हिंदू समाजाने कोणता शब्द निवडावा हेही आडपडदा न ठेवता सांगितले. सावरकरांच्या प्रतिमेला हार घालणाऱ्या प्रत्येकाने तो निबंध वाचला आहे, असे मात्र म्हणवत नाही. २०१३ साली नरबळी आणि जादूटोणा प्रतिबंधाचा कायदा महाराष्ट्रात झाला, तत्पूर्वी त्याच्या मसुद्यावर वर्षानुवर्षे वाद झाले. वारकऱ्यांनी आणि हिंदू संघटनांनी आक्षेप घेतले, कलमे बदलली गेली. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट रोजी हत्या झाल्यानंतर चारच दिवसांत वटहुकूम निघाला. मसुद्यातील शब्दांवर मतभेद असणे रास्त होते. नरबळीवर मतभेद असण्याचे कारण कोणत्याही पक्षाला नव्हते.

शहरी मध्यमवर्गाने मानवतकडे पाहून नाक मुरडण्याचीही सोय नाही. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील शहरांत 'मिडब्रेन अॅक्टिव्हेशन'च्या कार्यशाळांचे पेव फुटले होते. मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांच्याकडून रंग ओळखून घेतले जात, पुस्तके वाचून घेतली जात, आणि अभियंते, प्राध्यापक, बँक अधिकारी हजारो रुपये मोजून टाळ्या वाजवीत. मध्यमस्तिष्क हा भाग जागृत करावा लागत नाही. तो जागृत नसता तर मूल शुद्धीवरच नसते. पट्टी आणि नाक यांमधील फटीतून दिसते, हे ज्याला त्याला घरी दुपट्टा बांधून तपासता आले असते. बहुतेकांनी तपासले नाही. यश न आल्यास येथेही कारण तयार होतेच: मुलाचा सराव कमी पडला, पालकांचा विश्वास कमी पडला. येथे रक्त सांडत नाही, हा भेद फार मोठा आहे आणि तो पुसण्याचे कारण नाही. पण पट्टा न पाडण्याची खोड तीच. मांत्रिकाच्या तोंडी आता मुंजाऐवजी 'न्यूरॉन', 'क्वांटम', 'अंतर्मनाची ऊर्जा' असे शब्द आले आहेत. पतंजलींचा विकल्प इंग्रजी शिकला आहे.

राहिला प्रश्न लोकप्रिय कलेचा. मानवतच्या घटनेवर १९८१ मध्ये 'आक्रीत' हा चित्रपट आला. दिग्दर्शक म्हणून अमोल पालेकरांचा तो पहिला चित्रपट. लेखन विजय तेंडुलकरांचे. आक्रीत म्हणजे घडू नये ते घडणे. एका शब्दात सारे सांगणारे ते नाव होते. २०२४ ची मालिका आशिष बेंडे यांनी दिग्दर्शित केली, ती रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींच्या इंग्रजी पुस्तकावर आधारलेली आहे. त्यांची भूमिका आशुतोष गोवारीकर यांनी केली. तपास अधिकाऱ्याच्या पुस्तकावरची कथा तपास अधिकाऱ्याच्या डोळ्यांनी दिसणार, यात वावगे काही नाही. चांगल्या कलावंतांनी गंभीरपणे हाताळलेले विषय आहेत हे. तक्रार या दोन कृतींविषयी नसून त्या पाहण्याच्या रीतीविषयी आहे. अंधारी रात्र, पिंपळाची सळसळ, कुंकू, लिंबू, घुमणारा आवाज या सामग्रीने पडद्यावरचा मांत्रिक नेहमीच भव्य होतो. दिग्दर्शकाच्या मनात त्याचा धिक्कार असला तरी कॅमेरा नकळत त्याच्या दाव्याला साक्ष देतो. वास्तवातील अशी माणसे पाहिली तर ती बहुधा सामान्य, घाबरट आणि उधारीत बुडालेली निघतात. आणि वास्तवातील बळीही पडद्यावरच्याप्रमाणे किंकाळीसाठी जन्मलेले नसतात. दुष्काळात सरपण वेचणाऱ्या त्या पोरी होत्या. त्यांची नावे कोणाच्या लक्षात नाहीत आणि आरोपींची सर्वांना पाठ आहेत.

याहून गंभीर गोष्ट पुढची आहे. आजही कोणा प्रेक्षकाला विचारले की, मानवतच्या खुनांमागे कोण होते, तर तो क्षणाचा विलंब न लावता तो पुढारी आणि ती स्त्री यांची नावे घेतो. न्यायालयात काय घडले? परभणीच्या सत्र न्यायालयाने त्या दोघांना दोषी ठरविले. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. एप्रिल १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मुक्तता कायम ठेवली. प्रत्यक्ष खुनांत सहभागी ठरलेल्या काही आरोपींची दोषसिद्धी टिकली, परंतु कटाचे सूत्रधार म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखविले गेले ते सुटले. निकालपत्र न्या. यशवंत चंद्रचूड यांनी लिहिले. माफीच्या साक्षीदाराच्या शब्दाला स्वतंत्र पुष्टी हवी, आणि ती खून झाला एवढ्याची नव्हे, तर त्या विशिष्ट आरोपीच्या सहभागाची हवी. कबुलीजबाब घेताना दंडाधिकाऱ्यांनी कायद्याने घातलेली बंधने पाळलेली नसतील, तर त्या कबुलीवर विसंबता येत नाही. गुन्हा शोधून काढण्याच्या उत्साहात पोलिसांचा हात कोठे सैल सुटतो, याबद्दलही निकालपत्राने कडक शब्द वापरले.

सामान्य माणसाला हे पटत नाही. दहा जीव गेले आणि तांत्रिक मुद्द्यावर सुटका? त्या संतापात माणुसकी आहे, त्याची हेटाळणी करू नये. ज्या आईची मुलगी गेली तिला व्याप्ती आणि व्यतिरेक सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण संताप ओसरल्यावर एक गोष्ट पाहावी. लोभ होता, अपत्याची इच्छा होती, मांत्रिक होता, पिंपळ होता, मुली मेल्या. म्हणून हेच झाले असणार, असा आपला युक्तिवाद असतो. कथा जुळते, म्हणून ती खरी. मांत्रिकानेही नेमके हेच सांगितले होते: पिंपळ आहे, मूल होत नाही, धन सापडत नाही, म्हणून मुंजा आहे. त्याचीही कथा जुळत होती. त्या दोघांनी काहीच केले नव्हते असे न्यायालयाने सिद्ध केले नाही. ते त्याचे कामही नव्हते. त्याने विचारले ते इतकेच की, धूर दाखविता, पण अग्नीशी त्याची गाठ कोठे आहे? या सबंध प्रकरणात मांत्रिक, लोभी, भयभीत, संतप्त आणि पुढे प्रेक्षक, या सर्वांना जे साधले नाही ते तेथे घडले: हवासा वाटणारा निष्कर्ष समोर असताना तो पुराव्याअभावी नाकारला गेला.

तो निकाल आजही जिवंत आहे, पण निराळ्या नावाने. विधी महाविद्यालयांतील विद्यार्थी त्याला 'दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य' म्हणून ओळखतात. कबुलीजबाब कसा नोंदवावा, माफीच्या साक्षीदारावर कितपत विसंबावे, दोषी ठरविल्यानंतर शिक्षा सुनावण्यापूर्वी आरोपीचे म्हणणे ऐकून घेणे का आवश्यक आहे, यासाठी देशभरातील न्यायालयांत तो उद्धृत होतो. वाचणाऱ्यांपैकी अनेकांना मानवत कोठे आहे हेही ठाऊक नसते.